हॉगेटच्या डोंगरावरची लिफ्ट

आमच्या हॉगेटच्या डोंगरावर जी खुर्च्यांची लिफ्ट फिरते ती आमच्या हातची आहे. कंपनीची नाही, सरकारची नाही, कुणा शेठची तर नाहीच नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण शहरातून चकचकीत गाड्या घेऊन माणसं येतात आणि माझ्या तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून विचारतात, "ही कुणी बसवून दिली तुम्हाला?" बसवून दिली म्हणे. मी त्यांना तिकीट देते आणि एकदा रोखून पाहते, बस्स.

आधी दोर होता. माझ्या सासऱ्याने, म्हाताऱ्या आर्चीने, जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन पायथ्याशी बसवून तो डोंगरावर फिरवला होता. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला साखळीने अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा. दोर सुसाट पळतो, त्याच्या बाजूने पायातल्या लांब पट्ट्यांवर बर्फावरून घसरत जायचं, एका हाताने दोर पकडायचा आणि दुसऱ्या हाताने अडकित्ता त्याच्यावर मारायचा. बसला तर माणूस वर, नाही बसला तर तोंडावर. हातमोजे आठवड्यात फाटायचे. माझ्या नवऱ्याची, डूगलची, डाव्या हाताची दोन बोटं लग्नाआधीच त्या दोराच्या कप्पीत गेली. तरी दोराविरुद्ध त्याने कधी चकार शब्द काढला नाही. बापाचा दोर होता ना.

मग शाळा यायची बंद झाली. खोऱ्यातल्या शाळेच्या हेडबाई रोइमाता इहाका दर हिवाळ्यात बस भरून पोरं आणायच्या. एका वर्षी एका पोरीचं मनगट दोरावर मोडलं. बाई आमच्या स्कीइंग क्लबच्या सभेत उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "माझी पोरं सकाळी हसत येतात आणि दुपारी रडत जातात. मी आता आणणार नाही." दोन हिवाळे बस आली नाही. आणि पोरं नाहीत म्हणजे पुढे क्लब नाही. आमचे गुडघे काय जन्मभर पुरणार होते?

तिसऱ्या वर्षीच्या सभेत क्लबचा अध्यक्ष नेव्हिल स्ट्रँग म्हणाला, "डोंगर मेंढ्यांचा होता, मेंढ्यांना परत देऊन टाकू. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात शाळा आली तर आली. नाही आली तर दोर उतरवायचा आणि कुलूप लावायचं."

हात वर झाले. ठराव झाला. आणि झाल्यावर डूगल उठला.

"मी खुर्च्यांची लिफ्ट आणतो," तो म्हणाला.

सगळी सभा हसली. नेव्हिल तर टेबलावर थापा मारून हसला. मी मागे चहाच्या किटलीपाशी होते, माझे कान तापले. घरी जाताना गाडीत मी विचारलं, "कुठून आणणार आहेस?"

"बघू."

"बघू म्हणजे? लिफ्ट काय पिशवीतून आणायची वस्तू आहे?"

"एल्सपेथ, मला गाडी चालवू दे."

म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आमच्या खोऱ्यात दिलेला शब्द माणसाच्या मागे मागे फिरतो. दुकानात गेलं की विचारणा, लोकर कातरायच्या शेडमध्ये गेलं की विचारणा. "काय डूगल, लिफ्ट आली का?" महिनाभर त्याने आमच्या बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन केले. कुठे लिफ्ट विकून झालेली, कुठे ती इतकी मोठी की आमचा डोंगर तिच्यात मावला नसता.

शेवटी शोधली ती आमच्या मोरागने. मोराग आमची मुलगी, ऑस्ट्रेलियात खाणीतल्या यंत्रांची मेकॅनिक. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा भाऊ तळ्यापलीकडच्या मोठ्या रिसॉर्टवर होता. तिथे नवी लिफ्ट येणार होती आणि जुनी दोन-दोन खुर्च्यांची भंगारात जाणार होती. तिचा फोन आला तेव्हा डूगल मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. काटा तसाच ठेवून तो उठला.

आम्ही दोघं गेलो. तिथला मॅनेजर पोरसवदा होता, डोळ्यांवर आरशासारखा काळा चष्मा. आमच्या बुटांकडे बघत त्याने विचारलं, "तुम्हाला कशाला हवी? मेंढ्या वर न्यायला?" त्याची माणसं खिदळली.

डूगलही थोडं हसला. म्हणाला, "मेंढ्या चालत जातात. आम्हाला शाळेतली पोरं न्यायचीत."

चष्मेवाल्याने खांदे उडवले. "बर्फ पडायच्या आत खोलून न्या. राहिलं ते मी कापून टाकणार. नकाशे-बिकाशे मागू नका, ते आमच्याकडेच नाहीत." पैशाचं त्याने नावही काढलं नाही. भंगार उचलायचा त्याचाच खर्च वाचत होता.

आमच्या क्लबात एक नियम आहे. प्रत्येकाने श्रमदान करायचं. जो करत नाही त्याने हिवाळाभर पायथ्याच्या क्लबच्या खोपीतली भांडी घासायची, मग तो डॉक्टर असो की अध्यक्ष. त्यामुळे हसणारे सगळे मुकाट आले. नेव्हिलही आला, तोंड वाकडं करून. मोराग खाणीतली नोकरी सोडून आली. मी म्हटलं, "अगं, एवढी चांगली नोकरी." तर म्हणाली, "आई, बाबाने सभेत तोंड उघडलंय. आता कुणीतरी पाना हातात धरायला नको का?"

रिसॉर्टच्या डोंगरावर गार वारा सुटला होता. खांबाच्या डोक्यावर कप्प्यांची चौकट असते, तिच्यावरून खुर्च्यांचा पोलादी वायररोप धावतो. प्रत्येक चौकट त्या त्या खांबाच्या उतारापुरती, तिथल्या तिथे भोकं पाडून बसवलेली. एका खांबाची दुसऱ्याला लावली तर वायररोप कडेला जातो आणि खुर्चीतली माणसं लोंबकळत राहतात. म्हणून खोलताना खुणा करणं आलंच. मोराग म्हणाली, "लोखंडावर पंच मारून आकडे उठवू. पंच मी उद्या शहरातून आणते."

"उद्या?" डूगल म्हणाला. "उद्या बर्फ पडला तर?" आणि त्याने खिशातून मेंढ्यांवर खूण करायचा निळा खडू काढला. आमच्याकडे पुरुषाच्या खिशात रुमाल नसेल पण हा खडू असतो. त्याने खांबावर आकडा काढला, चौकटीवर तोच आकडा काढला. मोठाले, ठसठशीत आकडे. "खूण ती खूण," म्हणाला. भोवती खोऱ्यातले एकजात मेंढपाळ उभे होते. सगळ्यांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही, उलट नेव्हिलने स्वतःच्या खिशातला खडू काढून हातभार लावला.

मेंढ्या वाहायच्या ट्रकांतून लिफ्ट आली. लेंड्यांच्या वासासकट आली. आमच्या खालच्या कुरणात सगळं रचून ठेवलं आणि त्याच आठवड्यात पाऊस लागला, मग बर्फ. हिवाळाभर लोखंड बर्फाखाली झोपलं होतं आणि डूगल रोज खिडकीतून त्या ढिगाकडे बघत चहा प्यायचा. इतका समाधानी मी त्याला फारदा बघितलेला नाही.

बर्फ वितळला आणि आम्ही तिघं कुरणात गेलो. लोखंड धुऊन लख्ख झालं होतं. एक आकडा नाही. कुठे कोपऱ्यात फिकट निळी पुसट रेघ, बाकी कोरं. हा खडू धुऊन जावा म्हणूनच तर बनवतात. लोकरीत रंग उरला तर गिरणी गठ्ठे परत पाठवते. आमच्याकडे दात न आलेल्या पोरालाही हे कळतं.

डूगल एका खांबावर बसला. मोराग शेडमागे गेली आणि एक पिंप लाथेने वाजल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता, पण बापाला ती एक अक्षर बोलली नाही. त्याबद्दल मी तिला आयुष्यभर मानेन.

बातमी खोऱ्यात पसरायला काय वेळ लागतो? "डूगल, मेंढ्या धुतल्यास की लिफ्ट?" दुकानवाल्या बाईने सामानाच्या पिशवीत वरून एक निळा खडू टाकून दिला, फुकट. डूगलने तो खिशात घातला, थँक्यू म्हणाला आणि बाहेर येऊन गाडीचं दार दोनदा चुकीच्या किल्लीने उघडायला गेला. मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

दारू प्यायच्या ठिकाणी नेव्हिल सगळ्यांत मोठ्याने हसत होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नेव्हिल, त्या दिवशी तू कुठे होतास रे?"

"मी? तिथेच होतो की."

"आणि तुझ्या मेंढ्यांना काय ऑइलपेंट फासतोस? तुझाच खडू होता अर्ध्या खांबांवर. डोळे होते ना तुम्हा सगळ्यांना? एकाच्या डोक्यात आलं नाही, आणि हसताय एकट्या डूगलला."

हसू थांबलं. नेव्हिलने ग्लास खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला.

ते दिवस मेंढ्या व्यायचे होते. मी पहाटेपासून गोठ्यात. ज्या कोकराची आई मेली ते दुसऱ्या मेंढीला लावायचं असतं. एकीपाशी न्यावं, ती ढुशी मारते. दुसरीपाशी न्यावं, ती हुंगून बाजूला होते. मग एखादी उभी राहते आणि पिऊ देते. हे करता करताच माझ्या मनात आलं आणि मी तशीच, हात चिकट, स्वयंपाकघरात गेले. डूगल आणि मोराग टेबलाशी बसले होते, पुढ्यात गार झालेली लापशी.

"कोकरं लावतो तसं करा," मी म्हटलं. "एकेक चौकट एकेका खांबापाशी न्या. जिची भोकं जुळतील तिचा तो खांब."

"आई, एकेक चौकट माणसाहून जड आहे," मोराग म्हणाली. "किती वेळा उचलावी लागेल, कल्पना आहे का?"

"कोकरं किती वेळा उचलते मी, तुला कल्पना आहे?"

डूगलने माझ्याकडे बघितलं आणि लापशीचा चमचा तोंडात घातला. म्हटलं चला, माणूस जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी खांब कुरणात ओळीने आडवे लावले. ट्रॅक्टरला साखळीने चौकट लटकवायची, खांबाच्या डोक्याशी न्यायची, डूगलने खाली गुडघ्यावर बसून भोकांत सळई घालून बघायची. "नाही." पुढचा. "नाही." पुढचा. चिखलात त्याचे गुडघे रुतायचे, उठताना कंबर धरायचा. आमचा एकच ट्रॅक्टर, तोही खोकणारा. दुपारच्या सुमारास फाटकातून मोठा लोडर आत आला. वर नेव्हिल.

"काय रे," डूगल म्हणाला, "मजा बघायला आलास?"

"हो," नेव्हिल म्हणाला. "पण रस्त्यावरून नीट दिसत नव्हतं. कुठली उचलू?"

एवढंच. माफी नाही, काही नाही. अंधार पडेपर्यंत लोडर चालवला आणि जाताना मी भाजलेले सगळे स्कोन पाव खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले, तिसऱ्या दिवशी कुरणात गाड्या लावायला जागा नव्हती. भोकं जुळली की कुणीतरी टोपी उडवायचं आणि मोराग हातोडीने पंच मारून आकडा उठवायची, लोखंडात खोल. शेवटी सगळ्या चौकटींना आपापले खांब मिळाले. दोन मात्र अशा होत्या की दोघी दोन्ही खांबांना बसत होत्या. मोरागने मान खाजवली, कप्प्यांची झीज बघितली आणि अंदाजाने लावून टाकल्या.

सगळा उन्हाळा आमच्या डोंगरावर राबण्यात गेला. वर यंत्र चढत नाही, सुट्या दगडांची घसरण. खांबांच्या पायाचे खड्डे टिकाव-पहारीने खणले. डूगलच्या आठ बोटांना नव्याने फोड आले. काँक्रीट खोऱ्यातल्या तामाती पराताने आपल्या हेलिकॉप्टरने वर नेलं. एरवी तो त्यातून कुरणांवर खत टाकतो, त्यामुळे पहिल्या खेपेला आमच्या डोक्यांवरही थोडं खत पडलं. मग त्यानेच खांब उचलून एकेक करून उभे केले. खाली दोऱ्या धरून आम्ही बायाही होतो, आणि खांब खड्ड्यातल्या काँक्रीटवर बसला की पायाखालची जमीन धप्प हलायची. शेवटचा खांब उभा राहिला तेव्हा मी मान वर करून बघितलं. मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही.

आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये लागतो; जुलैत बर्फ पडला. हेडबाईंनी निरोप पाठवला होता, "सरकारी तपासनिसाची सही असेल तर बुधवारी पोरं आणते. एकदा बघते. सही नसेल तर आणणार नाही." तपासनीस हॅलोरन सोमवारी आला. उंच, कमी बोलणारा, नाकाचा शेंडा थंडीने लाल. त्याने आधी खाली वाकून सगळे बोल्ट बघितले, मग म्हणाला, "भरा."

खुर्च्यांत माणसांऐवजी पाण्याने भरलेले कॅन ठेवले. मोटर सुरू झाली. खुर्च्या हलल्या, एकामागे एक वर निघाल्या. अर्ध्यावर गेल्या असतील नसतील, सुरक्षेचा खटका पडला आणि लिफ्ट थांबली. पुन्हा चालू केली, पुन्हा थांबली. हॅलोरनने दुर्बीण डोळ्याला लावली. "त्या दोन खांबांवर वायररोप कप्पीच्या कडेला चाललाय. वजन पडलं की सुटेल."

मोरागने डोळे मिटले. त्याच दोन. कोकरं चुकीच्या आयांना लागली होती.

"अदलाबदल करायला किती वेळ लागेल?" हॅलोरनने विचारलं.

"हवा शांत असती तर थोडा," मोराग म्हणाली. हवा शांत नव्हती. वारा बर्फ उडवत होता, तामातीचं हेलिकॉप्टर उठणार नव्हतं.

"मी उद्या दुपारपर्यंत आहे," हॅलोरन म्हणाला. "घाई करून पडू नका. पडलात तर तशीही सही मिळणार नाही." आणि तो खोपीत चहाला गेला.

डूगलने उंचावर चढायचा पट्टा कमरेला बांधला आणि खांबाची शिडी धरली. मोरागने त्याचा दंड धरला.

"बाबा, तू नाही."

"का नाही? माझा शब्द आहे, मी चढणार."

"तुला बोटं आठ आहेत. वर दहा लागतात."

तिथे सगळे होते. नेव्हिल, तामाती, निम्मा क्लब. दुसरं कुणी तसं बोललं असतं तर डूगलने त्याला बर्फात लोळवला असता. पण आता त्याने पट्टा सोडला आणि स्वतःच्या हाताने लेकीच्या कमरेला बांधला, घट्ट, दोनदा ओढून बघितला. "वजन उचलायची चेनकप्पी मी खालून ओढतो," म्हणाला. "तू सांगशील तेवढीच."

मोराग आणि तामाती वर चढले. वायररोप उचलून धरायचा, चौकट सोडवायची, साखळीने खाली घ्यायची, बर्फावरून ओढत दुसऱ्या खांबाशी न्यायची आणि पुन्हा वर. वाऱ्यात तिचा आवाज तुटक यायचा. "ओढ बाबा. थांब. बोटभर. अर्धं बोट." आणि डूगल बोटभर म्हटलं की बोटभरच ओढायचा. संध्याकाळी दोघं खाली आले तेव्हा मोरागच्या भुवयांवर बर्फ होता आणि बोटं वाकत नव्हती. डूगलने तिचे हात आपल्या काखेत धरून ठेवले, ती लहान असताना धरायचा तसे. सकाळी पुन्हा चढले. उरलेली चौकट बसवली.

दुपारी हॅलोरनने पुन्हा कॅन भरायला लावले. खुर्च्या निघाल्या. त्या दोन खांबांतला पहिला ओलांडला. दुसरा ओलांडला. खटका पडला नाही. मग भरल्या वजनावर त्याने मुद्दाम मोटर बंद केली. खुर्च्या झुलल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या, एक वीतही मागे आल्या नाहीत. पुन्हा केलं, तरी नाही. त्याने पेन काढलं, ते थंडीने चालेना, तर तोंडात धरून गरम केलं आणि सही केली. "कुणी बसवली ही?" त्याने विचारलं.

डूगल म्हणाला, "माझ्या मुलीने."

मोराग म्हणाली, "खोऱ्याने."

नेव्हिल म्हणाला, "आणि खडूने." सगळे हसले. या वेळी डूगल सर्वांत मोठ्याने हसला.

बुधवारी बस आली. पोरं उतरली, आणि त्यांच्यामागून हेडबाई, हाताची घडी घालून. डूगल सकाळपासून खालच्या टोकाला उभा होता. प्रत्येक खुर्ची आली की ती हाताने धरून मंद करायची, दोन पोरांच्या मागे अलगद लावायची, दांडा खाली. "बस. मागे टेक. हलू नकोस." एकेक जोडी वर जात राहिली. बाई बघत राहिल्या. एकदाही कुणी रडलं नाही, तरी बाईंची घडी सुटली नाही. डूगल माझ्याकडे बघेना.

जेवणाची वेळ झाली. मी मटणाची ताटं खोपीबाहेर मांडली आणि घंटा वाजवली. पोरं घसरत खाली आली, घंटेकडे बघितलंही नाही, सरळ पुन्हा रांगेत जाऊन उभी. बाईंनी शिट्टी वाजवली. पोरं वर निघून गेली.

"बघितलंत?" बाई मला म्हणाल्या. "अन्न गार होतंय. थांबा, मीच जाऊन घेऊन येते कारट्यांना." आणि त्यांनी बसच्या ड्रायव्हरच्या घसरायच्या पट्ट्या पायाला चढवल्या, ताडताड लिफ्टशी गेल्या. डूगलने खुर्ची धरली. बाई बसल्या आणि वर गेल्या.

आम्ही वाट बघत राहिलो. वरच्या टेपाडावर बाईंची लाल टोपी दिसली. भोवती पोरं. मग सगळी टोळी खाली सुटली, बाई मध्ये, हात पसरून, लहानपणी याच डोंगरावर शिकल्या होत्या त्या. खाली आल्या, वळसा घेतला आणि थेट डूगलसमोर येऊन थांबल्या. गाल लाल, धाप लागलेली.

"बाई," डूगल म्हणाला, "जेवण?"

"जेवतील रे," बाई म्हणाल्या. "पुढच्या बुधवारीही येतोय आम्ही, तेव्हाही जेवायला घालशील. आता खुर्ची धर."

डूगलने खुर्ची धरली. आठी बोटांनी धरली, बाईंच्या मागे अलगद लावली, आणि दांडा खाली करून म्हणाला, "बसा. मागे टेका."